बाईकच्या पेट्रोल टाकीच्या झाकणाचं कुलूप जाम झालंय? सोलापूरकरांनो, आपापले अनुभव टाका

उन्हाळा लागला की आपल्याकडं हा प्रॉब्लेम हमखास निघतो. चावी इग्निशनला मस्त चालते, पण पंपावर टाकीच्या झाकणात घातली की एकतर आत जाईना नाहीतर आत जाऊन फिरंना, मागं लाईन लागलेली, पंपावरचा पोरगा नोझल धरून उभा. मग लोक जे करतात ते बघून खरंच काळजी वाटते. कोण पकडीनं चावी पिळतंय, कोण दगडानं ठोकतंय, अन् खाली पेट्रोलची वाफ आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून हा धागा. तुमचं कुलूप कशानं मोकळं झालं, कशानं नाही झालं, सगळं लिहा. मोडलेल्या चाव्यांचंपण लिहा.

सुरुवात मी करतो. माझी गाडी होटगी रोडला ऑफिसबाहेर दिवसभर उन्हात असते, मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की टाकीला हात लावता येत नाही. अशाच एका दुपारी पंपावर चावी पूर्ण आत गेली पण फिरंना. तिथले एक वयस्कर काका आले, म्हणाले "चावी सोडा मालक, आधी झाकण दाबा." तळहातानं झाकण खाली दाबून धरलं, दुसऱ्या हातानं चावी हलकीच फिरवली, टक् करून उघडलं आणि आतनं फुस्स करून हवा आली. कारण असं, की झाकणाला हवा ये-जा करायला बारीक भोक असतं, ते धुळीनं बुजलं की उन्हात वाफ कोंडते, झाकण वर ढकलते आणि खाली कुलपाची जी जीभ अडकलेली असते ती आवळून बसते. कुलूप चांगलं असतं, जीभेवर ताण असतो. रबरी वायसर फुगला असेल तरी हेच होतं. त्यामुळं तेल-स्प्रे सगळं नंतर, पहिल्यांदा झाकण दाबून बघा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीवरून:

आमचा धंदा यंत्रमागाचा, त्यामुळं कापसाची फुसं हवेत कायम. गाड्या शेडच्या बाजूलाच लागतात. झाकणाचं चावीचं भोक आकाशाकडं तोंड करून असतं, वरची छोटी झडप तुटलेली असली तर फुसं, धूळ सगळं सरळ आत. त्यात आमच्याकडं प्रत्येकाची सवय, चावी जड झाली की मशीनचं तेल सोडायचं. दोन-चार दिवस मस्त चालतं, नंतर तेलाला धूळ आणि फुसं चिकटून आत असा काळा गाळ होतो की चावी निम्म्यातच अडकते. माझ्या गाडीचं असंच झालं होतं. मी काय केलं ते नीट सांगतो. गाडी सावलीत लावून पूर्ण गार होऊ दिली, आसपास कुणाला बिडी पेटवू दिली नाही, टाकीच्या रंगावर जुना टॉवेल गुंडाळला. पहिल्यांदा पंक्चरवाल्याकडं हवेच्या पाइपनं भोक उडवून घेतलं, तेव्हाच वातीसारखी एक गुंडाळी बाहेर आली. मग डब्ल्यूडी-फोर्टी म्हणजे जाम झालेलं सोडवायचा स्प्रे, त्याची लाल नळी भोकात घालून थोडा मारला आणि दहा-पंधरा मिनिटं गाडीला हात लावला नाही. नंतर चावी फिरवायची नाही, नुसती आत-बाहेर, आत-बाहेर, आणि दरवेळी बाहेर आली की फडक्याला पुसायची. सुरुवातीला चावीच्या खाचांत काळं गच्च यायचं, मग करडं, मग साफ. आतमध्ये पितळेच्या बारीक पट्ट्या आणि त्यांच्या मागं केसासारख्या स्प्रिंगा असतात, त्या एकेक सुटायला लागल्या की चावीत खट-खट जाणवतं. ते जाणवल्यावर झाकण दाबून फिरवलं, उघडलं. शेवटी स्प्रे वाळू दिला आणि ग्राफाइटची पूड सोडली. ती कोरडी असते, धूळ धरत नाही. आमच्या कामगारांना आता सांगून ठेवलंय, कुलपात तेल सोडायचं नाही.

जुळे सोलापूर:

वरचं सगळं करायच्या आधी घरातली दुसरी चावी लावून बघा. रोजची चावी इग्निशनला घासून-घासून खाचा गोल होतात. इग्निशन तिच्याबरोबरच झिजलेलं असतं म्हणून चालवून घेतं, टाकीचं कुलूप कमी वापरातलं, ते नाही चालवून घेत. माझ्या बाबांच्या गाडीचं कुलूप कपाटातल्या कोऱ्या चावीनं पहिल्या झटक्यात उघडलं. आणि नवी चावी बनवायची तर त्या कोऱ्या चावीवरनं बनवा, झिजलेलीची कॉपी काढली तर झीजपण कॉपी होते.

भवानी पेठ:

आमच्या ह्यांची गाडी घेऊन भाऊजी तुळजापूरला निघाले होते, पहाटेची घाई, जोर लावला आणि चावी आतच मोडली. गल्लीतला एक पोरगा म्हणाला फेविक्विक लावून तुकडा ओढू, मी ठाम नाही म्हटलं, कारण ते पट्ट्यांवर सांडलं तर कुलूप कायमचं गेलं. चावीवाल्या मामांना घरी बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा बारीक स्क्रूड्रायव्हरनं कुलपाची फट परत सरळ, चावी घालतो त्या जागेवर आणली. ती तिरकी असेपर्यंत तुकडा निघतच नाही म्हणाले. मग थोडा स्प्रे, आणि करवतीच्या बारीक पात्याचा तुकडा चावीच्या कडेनं सरकवला, दात आपल्याकडं येतील असा, आणि हळूच ओढलं. दोन्ही तुकडे जुळवून त्यांनी तिथंच चावी घासून दिली. भाऊजी नऊला निघाले, दर्शन झालं.

विजापूर रोड, मी स्वतः गॅरेज चालवतो:

लोक ड्रिल मारा म्हणून मागं लागतात. टाकीवर ड्रिल मी मारत नाही, तुम्हीपण मारू देऊ नका. ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको, आणि लोखंडाचा चुरा टाकीत पडला की पेट्रोलबरोबर खाली फिल्टर आणि गाडीच्या फ्यूल पंपापर्यंत जातो. गॅसची टॉर्च लावून गरम करणं तर अजिबातच नको. झाकणाच्या गोल रिंगवर ॲलन स्क्रू (डोक्यात षटकोनी खाच असलेले) दिसतात, पण बऱ्याच गाड्यांना त्यातले काही नुसते शोभेचे असतात आणि खऱ्या धरणाऱ्या स्क्रूंपैकी एखादा झाकण उघडल्यावरच दिसतो, चोरानं वरनं खोलू नये म्हणून. त्यामुळं वरचे सगळे काढले तरी रिंग हलली नाही तर पेचकसानं उपसू नका, टाकीचं तोंड वाकतं आणि मग नवीन झाकणसुद्धा नीट बसत नाही. काहीच जमलं नाही तर सीट काढून टाकी उतरवायची, पेट्रोल खालनं काढायचं, मग निवांत काम करायचं. नुसतं झाकण बदललं की खिशात दोन चाव्या होतात, ते चालत नसेल तर पूर्ण लॉक सेट, म्हणजे इग्निशन आणि टाकीची एकाच चावीची कुलपं, घ्यावा लागतो.

अशोक चौक:

गॅरेजवाले दादा बोलले त्याला जोडून एक. आमच्याकडं जाम व्हायचं मूळ पाणी होतं. झाकणाच्या भोवती जो खोलगट भाग असतो तिथं एक बारीक भोक असतं, त्याला खाली रबरी नळी, पावसाचं आणि धुवायचं पाणी त्यातनं रस्त्यावर जातं. वॉशिंगवाला प्रेशरनं पाणी मारतो, नळी चिखलानं बुजलेली, पाणी तिथंच तुंबून कुलपात उतरतं आणि स्प्रिंगा गंजतात. आम्ही खालनं नळी मोकळी केली, सायकलच्या पंपानं हवा मारली, तेव्हापासून चावी मऊ फिरते. गाडी धुतल्यावर झाकणाशेजारी पाणी थांबतंय का तेवढं बघा, थांबत असेल तर नळी बुजलीय.