मदत हवी आहे: गॅलेक्सी एक्सप्लोररचे छापील ठोकळे

लेगोच्या १९७९ च्या ९२८ क्रमांकाच्या गॅलेक्सी एक्सप्लोरर या खेळण्यातल्या अवकाशयानाचे करडे ठोकळे पिवळट पडलेत. साधे ठोकळे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून काचेच्या बरणीत सहा तास उन्हात ठेवले, छान उजळले. बुडबुड्यांमुळे वर तरंगले त्यांवर मात्र पट्टे उमटले, म्हणून आता वरून जाळी दाबतो. पिवळ्या पारदर्शक काचा वगळल्यात, त्यांना फक्त साबणपाणी. अडलंय ते ‘एलएल ९२८’ छापलेल्या ठोकळ्यांवर. एका अक्षराची कड आधीच विरळ आहे. बदली ठोकळे नकोत, हल्लीचा करडा निळसर असतो, शेजारी लगेच खुपतो (या यानाची सगळी मजा जुना करडा आणि निळा या जोडीतच!). छपाईवर पेट्रोलियम जेली लावून बुडवलं तर अक्षरं टिकतील का, की मागची बाजूच तेवढी क्रीम पेरॉक्साइडने (केस उजळायला वापरतात ते घट्ट पेरॉक्साइड) उजळावी? किती टक्क्यांचं, किती वेळ?