मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ च्या विभाजकांत १२८ कुठून येतो?

मंडळी, २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ही मूळ संख्या असावी असं गणिती फर्माला वाटत होतं, पण ऑयलरने १७३२ मध्ये ती ६४१ × ६७,००,४१७ अशी फोडून दाखवली. कसलेल्या माणसाचं काम!

६४१ ने भाग जातो हे पटलंय. ६४१ = ५ × १२८ + १, आणि तोच ६२५ + १६ सुद्धा. या दोन रूपांवरून चार ओळींत सिद्धता होते, फारच देखणी.

अडलंय ते पुढे. मूळ विभाजक p घेतला, तर २ च्या ३२ व्या घाताला p ने भागून बाकी −१ उरते, ६४ व्या घाताला १. त्याआधी कुठल्याच घाताला १ उरत नाही, म्हणून ६४ ने p − १ ला भाग जायलाच हवा. इथवर ठीक. पण गणिती लुकासने पुढे दाखवलं की p − १ ला १२८ नेही भाग जातो. खरंच जातो: ६७,००,४१६ = १२८ × ५२,३४७. फायदाही मोठा. ६४ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या धरल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ तपासल्यावर ६४१ येतो, १२८ धरून आधी फक्त २५७.

p ला ८ ने भागून १ उरतो, म्हणून २ ही एखाद्या वर्गाला p ने भागून उरणारी बाकी असते, एवढा धागा हाती आहे. त्यावरून १२८ पर्यंत कसं पोचायचं? तो वर्ग कोणाचा, हे थेट लिहून दाखवता येईल का? ६४१ घेऊनच समजावलंत तर फार बरं होईल.