सिटी बसच्या थांब्यावर नेमक्या कुठल्या वेळा दाखवायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, शहर बससेवेच्या प्रवासी माहितीचं प्लॅनिंग आमच्या छोट्या टीमकडे आलंय. मार्ग, थांबे, फेऱ्या सगळं जीटीएफएसमध्ये (ॲप्सना बसचं वेळापत्रक पुरवायचा ठरलेला डेटा फॉरमॅट) भरून झालंय, मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्यासुद्धा २५:१०:०० (म्हणजे रात्री १:१०) अशा बसल्यात, म्हणजे ॲपवाल्यांचं भागेल. पण थांब्यावर उभं राहून वाट बघणाऱ्याला काय दाखवायचं इथे गाडी अडलीय, आणि मला विचाराल तर खरं काम तेच आहे.

दर ८-१० मिनिटांनी बस असेल तर पहिली गाडी, शेवटची गाडी आणि 'दर ८ ते १० मिनिटांनी' एवढं पुरे. तासाला एकच असेल तर नेमकी वेळ हवीच. पण २०-२५ मिनिटांवाल्या मार्गांचं काय करता? त्यात मधल्या थांब्यांच्या वेळा आमच्याकडे अंदाजानेच काढलेल्या आहेत, जीटीएफएसमध्ये तसं नोंदवता येतं पण कागदी तक्त्यावर कसं सांगायचं?

दुसरं म्हणजे लाइव्ह बोर्ड. ज्या गाडीचं जीपीएस बंद आहे तिची वेळ सिस्टिम वेळापत्रकातूनच उचलते, मग ५ मिनिटं, ३ मिनिटं, १ मिनिट असं होत होत ती फेरी बोर्डावरून गायब होते आणि बस आलेलीच नसते. असं दोनदा झालं की माणूस खऱ्या वेळेवरही विश्वास ठेवत नाही हो. यावर कोणी काही केलंय का?

प्रतिसाद १:
२०-२५ मिनिटांना नेमक्या वेळाच छापा, तिथे लोक वेळ बघून घरातून निघतात. आणि जमलं तर २५ चं २० किंवा ३० करून घ्या. ०५, २५, ४५ असं दर तासाला तेच आलं की तक्ता न बघताही पाठ होतं. अंदाजे वेळ असेल तर लवकरची धरा, २ मिनिटं थांबावं लागलेलं चालतं पण बस डोळ्यांदेखत गेलेली नाही चालत. मात्र ड्रायव्हरने मुख्य थांब्यांवरून वेळेआधी गाडी काढायची नाही हे डेपोत पक्कं ठरवा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

प्रतिसाद २:
बोर्डाचं सोपं आहे. जीपीएस चालू असेल तरच '५ मिनिटं' दाखवा, नसेल तर नुसतं '१०:४०'. आणि रद्द फेरी कंट्रोल रूममधून लगेच काढली गेली पाहिजे, ते काम कोणाचं हे आधी ठरवा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार, १०:४० वालं उद्याच मांडतो. फक्त आमच्याकडे रात्री कंट्रोल रूमला एकच माणूस असतो, तेव्हा रद्द फेऱ्या डेपोतूनच मार्क करायची सोय कोणी केली असेल तर प्लीज सांगा.