‘नाहलिन’ आणि ‘लिबर्टातेया’ ही एकच नौका आहे का?

प्रश्न (गलबत)

नमस्कार. १९३६ च्या उन्हाळ्यात ब्रिटनचे राजे आठवे एडवर्ड आणि त्यांची प्रेयसी वॉलिस सिम्पसन ज्या ‘नाहलिन’वरून दाल्मेशियाच्या (एड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेकडील) किनाऱ्याने फिरले, त्या नौकेचे पुढे काय झाले याचा मी शोध घेत आहे. रुमानियात डॅन्यूब नदीवरील गालात्स बंदरात ‘लिबर्टातेया’ नावाचे एक तरंगते उपाहारगृह होते. त्याच्या छायाचित्रातली पुढे झेपावणारी नाळ (नौकेचा पुढचा निमुळता भाग) मला ओळखीची वाटते. परंतु काही ठिकाणी ‘नाहलिन’ला मोटर यॉट, तर काही ठिकाणी स्टीम यॉट म्हटले आहे, त्यामुळे दोन वेगळ्या नौकांची माहिती एकत्र झाली असावी की काय, अशी शंका येते.

प्रतिसाद १ (जुनी गोदी)

आपली नजर बरोबर आहे, नौका एकच आहे. स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत ती १९३० मध्ये पाण्यात उतरली. ती बांधून घेतली लेडी यूल यांनी. त्यांचे पती सर डेव्हिड यूल यांनी कलकत्त्यात ताग, चहा आणि कोळशाच्या व्यवसायात मोठी संपत्ती मिळवली होती. म्हणजे मुळात ती राजघराण्याची नौका नव्हतीच, आणि एडवर्ड यांनीही ती केवळ भाड्याने घेतली होती. राजाच्या मालकीची ती झाली १९३७ मध्ये, रुमानियाचे राजे दुसरे कॅरोल यांच्यासाठी खरेदी झाल्यावर. तेव्हा तिचे नाव ‘लुचाफरुल’, म्हणजे शुक्राची चांदणी, असे ठेवण्यात आले.

सप्टेंबर १९४० मध्ये कॅरोल यांनी सिंहासन सोडले आणि ते रेल्वेने देशाबाहेर गेले; नौका मागेच राहिली. पुढे राजेशाही संपली, ‘लिबर्टातेया’ हे नाव आले आणि शेवटी ती गालात्सला उपाहारगृह म्हणून उभी राहिली. अनेकांना यात तिची विटंबना दिसते, पण मला तसे वाटत नाही, कारण लोक जेवायला येत राहिले म्हणूनच ती भंगारात गेली नाही. १९९९ मध्ये तिला एका मोठ्या भारवाहू जहाजावर चढवून इंग्लंडला नेले. पुढे जर्मनीत तिची संपूर्ण पुनर्बांधणी झाली आणि २०१० मध्ये ती मूळ नावाने पुन्हा समुद्रावर आली.

प्रतिसाद २ (यंत्रघर)

मोटर की स्टीम, या शंकेचे उत्तरही याच इतिहासात आहे. मूळ ‘नाहलिन’ बाष्प टर्बाइनवर चालत असे. पुनर्बांधणीत त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसवली गेली. त्यामुळे तिच्यासंबंधीचा मजकूर कोणत्या काळातला आहे, हे पाहूनच तो वाचावा. इंजिने बदलतात, नावे तर त्याहून लवकर बदलतात, म्हणून माग नेहमी सांगाड्याचा काढावा.

पहिल्यापासून डिझेलवर चालणारी राजनौका हवी असेल, तर नॉर्वेची ‘नोर्गे’ पाहावी. विमाननिर्माते टॉमी सॉपविथ यांच्यासाठी ती १९३७ मध्ये साउदम्प्टनला ‘फिलांते’ या नावाने बांधली गेली. युद्धकाळात ती ब्रिटिश नौदलाकडे होती. १९४७ मध्ये नॉर्वेच्या जनतेने वर्गणी काढून ती राजे सातवे हाकोन यांना त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त भेट दिली. १९८५ मध्ये होर्टेनच्या गोदीत दुरुस्ती चालू असताना तिला भीषण आग लागली, तरी राजे पाचवे ओलाव यांनी ती मोडीत न काढता पुन्हा बांधून घेतली.

गलबत

दोघांचेही मनापासून आभार. उपाहारगृहाचे छायाचित्र मूळ छायाचित्राशेजारी ठेवून पुन्हा पाहतो. नाळेखेरीज आणखी कशाकडे लक्ष द्यावे?

जुनी गोदी

एकच धुराडे आणि दोन डोलकाठ्या जुळतात का ते पाहावे. आणि ‘नाहलिन’च्या कोणत्याही छायाचित्रात नाळेच्या टोकाखाली बारकाईने पाहावे: तिथे पिसांचा मुकुट घातलेल्या अमेरिकी आदिवासीचे कोरलेले शिल्प आहे.