मदत हवी आहे: डीव्हीआरमध्ये ४ टीबीची हार्ड डिस्क टाकली, दिसतच नाही

पाऊसवेडी:
अर्जंट आहे. डीव्हीआरची ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून नवीन ४ टीबीची टाकली, तर स्क्रीनवर डिस्क नाही असं येतंय आणि बीप बीप चालूच आहे. केबली परत परत काढून लावल्या. दुकानदार म्हणतो डिस्क चांगली आहे. उद्या संध्याकाळी पुण्याला निघायचंय, त्याआधी चालू व्हायलाच हवं. काय करू?

मोरपंखी:
सेट टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड केलेलं त्याच बॉक्सवर दिसतं, दुसरीकडे नाही. आणि आता सगळ्या मालिका ॲपवर मिळतात, कशाला खर्च करताय?

पाऊसवेडी:
अहो टीव्हीचा नाही, सीसीटीव्हीचा, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवतो तो डबा!! गावाकडच्या घराचा.

तारतंत्री:
मॉडेल? कॅमेरे किती? डिस्क कुठली? नुसतं ४ टीबी म्हटल्यावर काय सांगणार. किती मोठी डिस्क चालेल ते त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असतं. काही जुन्या डीव्हीआरना २ टीबीच्या वर झेपत नाही.

गोदाकाठ:
ताई, डिस्क कशाला, क्लाउडवाला वायफाय कॅमेरा घ्या, मोबाईलवर सगळं दिसतं.

पाऊसवेडी:
गावात नेटच धड नाही हो. ४ कॅमेरे, १०८० पी. डिस्क सीगेट स्कायहॉक. माहितीपत्रकात ६ टीबीपर्यंत चालते लिहिलंय, बघूनच घेतली. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली, बाबांच्या लक्षात येईपर्यंत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढलं होतं. जेमतेम आठवड्याचं राहतं. मला महिन्याचं तरी हवंय, आईबाबा दोघंच असतात तिथे.

सांगलीकर:
केबल चोरांनी आमच्याकडे पण वैताग दिलाय. तांब्यासाठी नेतात, जाळून विकतात. पाईपात घालून जमिनीत पुरा. आणि एवढी महाग डिस्क कशाला घेतली, माझ्या गोडाउनला कॉम्प्युटरची साधी डिस्क आहे, काही होत नाही.

तारतंत्री:
तुमची चालली म्हणून सगळ्यांची चालेल असं नाही. वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक या सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क चोवीस तास लिहायला बनवलेल्या असतात. साधी डिस्क एखाद्या खराब जागेवर अडली की तिथेच परत परत प्रयत्न करत बसू शकते, तेवढ्यात रेकॉर्डिंग तुटतं, आणि नेमकं तेच हवं असतं.

सांगलीकर:
पुस्तकी ज्ञान. गोडाउनला येऊन बघा.

निवांत:
भांडू नका, त्यांना उद्या निघायचंय. ताई, चालू केल्यावर डिस्क फिरल्याचा आवाज येतो का? आणि डीव्हीआरच्या ॲडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलंय?

पाऊसवेडी:
फिरायला लागते, टक आवाज येतो, बंद, परत तेच. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर. मागे वीज पडली तेव्हा जळला होता, मग माणसाने दुसरा लावून दिला.

निवांत:
मग तोच बघा आधी. १ अँपिअरचा एका कॅमेऱ्याला लावतात. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर खेचू शकते. जुनी कमी खेचत असेल म्हणून भागलं. १२ व्होल्टचाच घ्या, पिन तीच, पण २ अँपिअर किंवा जास्तीचा.

गोदाकाठ:
नाहीतर यूएसबीची बाहेरची डिस्क लावा, सोपं.

तारतंत्री:
बहुतेक घरगुती डीव्हीआरचा यूएसबी माऊससाठी आणि बॅकअपसाठी असतो, सतत रेकॉर्डिंगला नाही.
ताई, नवीन डिस्क दिसली की मेनूत जाऊन इनिशियलाइज करा (म्हणजे डिस्क रेकॉर्डिंगसाठी तयार होते), ओव्हरराइट चालू ठेवा (डिस्क भरली की सगळ्यात जुन्यावर नवीन चढतं). जुनी डिस्क लॅपटॉपला लावली तर विंडोज फॉरमॅट करू का विचारेल, हो म्हणू नका. त्यातलं काही हवं असेल तर परत डीव्हीआरमध्येच लावून पेन ड्राइव्हवर घ्या.
हिशोब असा: कॅमेरा सेकंदाला किती मेगाबिट लिहितो तो बिटरेट, एमबीपीएसमध्ये. १ एमबीपीएसला दिवसाला १०.८ जीबी. कॅमेऱ्याला २ एमबीपीएस धरलं तर चौघांचे दिवसाला ८६ जीबी, ४ टीबीत साधारण दीड महिना. एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत बसवायची पद्धत) असेल तर तो लावून बिटरेट कमी करा, अजून लांबेल.

पाऊसवेडी:
तालुक्याला जाऊन २ अँपिअरचा आणला. दिसली!! इनिशियलाइज केली, रेकॉर्डिंगचं लाल टिंब आलं. निवांत, तारतंत्री, खरंच खूप आभार, बाबा पण आभार सांगतायत.

निवांत:
निघायच्या आधी डीव्हीआरची तारीख-वेळ मोबाईलशी ताडून बघा. वेळ चुकलेली असली तर पोलिसांना दाखवताना त्रास होतो. आणि लाइट जाते का तिकडे? छोटा यूपीएस लावाच.

मोरपंखी:
माझ्या सेट टॉप बॉक्सची डिस्क मोठी करता येते का पण?