एकमान पद्धत: कशाला कशाने भागायचं हेच मुलीला कळत नाही

प्रश्न:
मुलगी सातवीत आहे. गुणाकार-भागाकार पक्के आहेत, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. ‘गाडी 3 तासांत 135 किमी जाते, तर 225 किमी जायला किती वेळ लागेल?’ यात तिने 135 ला 3 ने भागून 45 काढले आणि 225 ला 45 ने गुणलं. उत्तर 10125 तास! ‘आधी एकाचं काढ, मग गुण’ एवढंच डोक्यात बसलंय. कसं समजावू?

उत्तर 1:
ताई, 45 बरोबरच आहेत, फक्त कशाचे ते तिने लिहिलं नाही. 1 तासाचे 45 किमी. आता 225 किमीत असे 45-45 किती वेळा बसतात? 5 वेळा, म्हणून 5 तास. गुणायचंच असेल तर ‘एक’ बदलावा लागतो: 1 किमीला किती वेळ? 3 तास म्हणजे 10800 सेकंद, भागिले 135, म्हणजे 80 सेकंद. 225 × 80 = 18000 सेकंद, परत 5 तासच. दोन्ही रीतींनी तिच्याकडून एकदा करून घ्याच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना एकक न लिहिता पुढची ओळ मी लिहूच देत नाही.

उत्तर 2:
सरळ त्रैराशिक मांडा. 135 : 3 = 225 : क्ष. तिरकस गुणाकार केला की झालं. परीक्षेत वेळ वाचतो.

उत्तर 1:
वेळ वाचतो हे खरं, पण इतक्यात नको. 12 कामगार एक काम 15 दिवसांत करतात, तर 20 कामगार किती दिवसांत? तिरकस गुणाकार करणारं मूल 25 लिहून मोकळं होतं. माणसं वाढली आणि दिवसही वाढले! इथे एका माणसाचं काम धरायचं: 12 × 15 = 180 दिवस, ते 20 जणांत वाटले की 9.

म्हणून ताई, आकडेमोडीआधी तिला तोंडी विचारा: हे दुप्पट केलं तर ते दुप्पट होईल, निम्मं होईल, की दोन्ही नाही? तिसरा पर्याय मुद्दाम ठेवा. टाकीत आधीच 40 लिटर पाणी आहे आणि नळ मिनिटाला 6 लिटर सोडतो. 5 मिनिटांनी 70 लिटर, 10 मिनिटांनी 100. वेळ दुप्पट, पाणी दुप्पट नाही. इथे 70 ला 5 ने भागून काही हाती लागत नाही. 15 मिनिटांनी किती, हे तिला काढू द्या आणि काय म्हणते ते इथे लिहा.