चकत्या कोणाकडे साठल्या आहेत?

प्रेषक: वही सांभाळणारी
प्रति: मंडळातले सर्व पालक

सर्वांना नमस्कार,

काल मुलं झोपल्यावर वही काढून बसले. आपण १४ घरांनी आळीपाळीने मुलं सांभाळायचं ठरवलं तेव्हा प्रत्येक घराला १२ चकत्या दिल्या होत्या, म्हणजे एकूण १६८. एक चकती म्हणजे अर्धा तास सांभाळणं, मूल ठेवणाऱ्याने ती सांभाळणाऱ्याला द्यायची. आता दोन महिने झाले. एवढ्या काळात चकती या हातातून त्या हातात गेली ती ५१ वेळा, आणि त्यातल्या ३८ वेळा त्याच तीन घरांत फिरली. आठ घरांनी एकदाही कोणाला बोलावलेलं नाही. गंमत म्हणजे "आम्ही शनिवारी मोकळे आहोत, कोणाला लागलं तर नक्की सांगा" असे जे निरोप माझ्याकडे पडून आहेत, ते सगळे याच आठ घरांचे!

दुसरं. परवा एका घरी मूल न्यायला यायला ४० मिनिटं उशीर झाला. ज्यांच्याकडे मूल होतं त्यांनी तक्रार केलेली नाही, मला भलतीकडूनच कळलं. (त्यांनी तक्रार केली नाही, ही माझी तक्रार.) उशिराला दोन चकत्या दंड ठेवावा अशी एक सूचना आली आहे.

तेव्हा चकत्या चालू ठेवायच्या का, आणि दंड लावायचा का, ते रविवारपर्यंत लिहा. फोनवर सांगू नका, मला मग लक्षात राहत नाही.


प्रेषक: कोपऱ्यावरच्या घरातला बाबा

ताई,

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चकत्या बंद करा. शेजारच्या पोराकडे तासभर बघायचं आणि वर त्याची पावती घ्यायची, हे मला पहिल्या दिवसापासून खटकतंय. ज्याला गरज असेल त्याने दार वाजवावं. आमचं दार उघडं आहे. दंड वगैरे तर अजिबात नको.


प्रेषक: जुळ्यांची आई

दादा, तुमचं दार उघडं आहे हे मला ठाऊक आहे. तरी मी आले नाही. का, ते सांगते.

मागच्या महिन्यात मला तीन दिवस ताप होता. नवरा कामासाठी बाहेरगावी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये चक्क जमिनीवर आडवी झाले, कारण मी जमिनीवर असले की पोरं अंगावर चढून खेळतात, निदान नजरेसमोर तरी राहतात. एक माझ्या पोटावरून गाडी चालवत होता, दुसरा केसांत सापडतील तेवढ्या क्लिपा खोचत होता. टीव्हीखालच्या खणात, रिमोटच्या जुन्या सेलांशेजारी, १७ चकत्या पडल्या होत्या. साडेआठ तासांची मदत. फोन घेतला, तुमचा नंबर काढला. मग मनात आलं, ताप काय, उतरेल उद्या. दोन-दोन पोरं कोणाच्या गळ्यात कशाला घालायची? चकत्या राहू देत, खरी अडचण येईल तेव्हा होतील. फोन ठेवून दिला.

याहून खरी अडचण म्हणजे कुठली, हे मला अजून सुचलेलं नाही.

पण वही नसती तर मी नंबरसुद्धा काढला नसता. त्या १७ मधल्या पाच चकत्या तुमच्याकडून आलेल्या आहेत. तुमच्या मुलीला अडीच तास सांभाळलं तेव्हा तुम्ही "राहू दे हो" म्हणत होतात आणि मी हट्टाने घेतल्या. त्या पाच होत्या म्हणून निदान तेवढा धीर झाला. नुसतं "दार उघडं आहे" म्हटल्याने ज्याला संकोच नाही तोच आत येतो. बाकीचे बाहेरूनच "सगळं ठीक आहे" म्हणून पुढे जातात.


प्रेषक: आबा (सध्या मुलीकडे मुक्काम)

मंडळी,

मी तुमच्यात पाहुणा, नातवंडांमुळे ही पत्रं वाचायला मिळतात. पण उभा जन्म बँकेत गेला, आणि वहीतले आकडे वाचून राहवलं नाही. हे सगळं अगदी असंच एकदा घडून गेलेलं आहे.

वॉशिंग्टन शहरात कॅपिटॉल हिल नावाचा भाग आहे. तिथे १९७० च्या दशकात दीडशेच्या आसपास जोडप्यांनी अशीच व्यवस्था चालवली होती. पैसा नाही, अर्ध्या तासाला एक कूपन. त्यांच्यातल्याच जोन आणि रिचर्ड स्वीनी या दांपत्याने १९७७ साली अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यावर चार पानी लेख लिहिला, आणि पुढे अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की अर्थशास्त्राच्या वर्गांत ती आता शिकवतात.

झालं असं, की प्रत्येक घराला वाटू लागलं, गाठीला चार कूपनं असलेली बरी. पुढे लागोपाठ दोन-तीन संध्याकाळी बाहेर जायचं झालं तर? म्हणून जो तो दुसऱ्याची मुलं सांभाळायला तयार, स्वतः बाहेर पडायला कोणी तयार नाही. आता यातली मेख बघा. माझी कमाई म्हणजे तुमचा खर्च. तुम्ही घराबाहेर पडलात तरच मला तुमचं मूल सांभाळून कूपन मिळणार. सगळेच घरी बसले की सगळ्यांचीच कमाई थांबली. कमाई थांबली म्हणून हातातलं आणखी घट्ट धरायचं, की कमाई आणखी थांबली! कोणी आळशी नव्हतं, कोणी वाईट नव्हतं. मुलंही तेवढीच होती आणि संध्याकाळीही तेवढ्याच.

त्या मंडळींत वकिलांचा भरणा. त्यांनी आधी काय केलं असेल? नियम! अमुक मुदतीत प्रत्येकाने बाहेर पडलंच पाहिजे. हौसेची गोष्ट नियमाने होते होय? शेवटी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ३० तासांची कूपनं द्यायची आणि सोडून जाताना २० तासांचीच परत घ्यायची असं ठरलं. हातात जास्त कूपनं आल्यावर लोक बाहेर पडू लागले. पुढे मात्र ती इतकी झाली, की सगळ्यांनाच बाहेर जायचं आणि सांभाळायला कोणी मिळेना. याला काय म्हणतात ते बाजारात जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तुमचा आजार निम्माच त्यातला आहे. तुमच्याकडे चकत्या कमी नाहीत. या मुलीकडे १७ होत्या आणि ती जमिनीवर पडून होती. म्हणून वाढवू नका, उलट त्यांना मुदत घाला. ऑस्ट्रियातल्या वर्गल नावाच्या गावाने १९३२ साली, मंदी ऐन भरात असताना, स्वतःच्या नोटा काढल्या होत्या. त्या नोटेची किंमत दर महिन्याला १ टक्क्याने उतरायची. उशाशी ठेवलेली नोट झिजते म्हटल्यावर लोकांनी ती खर्चायला घेतली आणि गावातली कामं हलली. वर्षभराने मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं. (आमच्या जातीचेच ते.)

तुमच्या चकत्या झिजू द्या.


प्रेषक: उशिरा आलेला

तो ४० मिनिटं उशिरा आलेला मीच. इथे सगळ्यांसमोर माफी मागतो.

त्या दिवशी वाटेत काय सांगायचं याची मी चार वेळा उजळणी केली होती. दार ढकललं तर वहिनी जमिनीवर बसलेल्या, माझं पोर समोर, आणि त्याच्या एकाच बुटाची नाडी बांधणं-सोडणं चाललेलं. मला बघून तो म्हणाला, "थांब, झालं नाहीये." वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर मी तीनदा मूल आणायला गेलो आणि तिन्ही वेळा दहा मिनिटं आधी पोचलो.

दंड असता तर मी दारात दोन चकत्या ठेवून "झाला हिशेब" म्हणून निघालो असतो. ओशाळायचं कारणच उरलं नसतं. हे माझं एकट्याचं नाही. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत याचा प्रयोग झालाय. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांचा त्यावरचा निबंध २००० साली आला. आधी चार आठवडे कोण किती उशिरा येतं याची नुसती नोंद ठेवली, मग सहा पाळणाघरांत उशिराला दंड सुरू केला. उशिरा येणारे पालक वाढत गेले, ते जवळजवळ दुप्पट झाले. जादा वेळेचा भाव कळला ना, मग घेतला विकत! आणि खरा धडा पुढे आहे: दंड काढून टाकल्यावरही ते आकडे खाली आले नाहीत. गेलेली लाज दंड काढला म्हणून परत येत नाही.

म्हणून दंड नको. उशीर झाला की फक्त वहीत लिहा. नावासकट. मला ते पुरे आहे.


प्रेषक: बुधवारची

आमचं जरा वेगळं. सकाळी शाळेत चालत नेण्याची जी रांग आहे ती पाच घरांची, पाच वारांची. त्यात चकत्या नाहीत आणि कधी लागल्याही नाहीत. (ऑस्ट्रेलियातले डेव्हिड एंगविच यांच्या नावावर ही "चालती बस" सांगतात. आम्हाला हे नंतर कळलं, आधी आम्हाला वाटत होतं आम्हीच काढली.) माझा बुधवार म्हणजे बुधवार. कोणाला विचारायचं नाही, कोणाचे आभार मानायचे नाहीत. बदली हवी असेल तर आदल्या रात्री आठच्या आत सांगायचं, एवढंच.

मला वाटतं ठरलेली पाळी असेल तिथे मागावं लागतच नाही, म्हणून ते चालतं. खेळण्यांच्या कपाटाचंही तसंच, पहिल्या शनिवारी उघडतं तर लोक नेतात, "केव्हाही या" होतं तेव्हा कोणी फिरकत नव्हतं. अवघड आहे ते फक्त अवेळी मागणं. दादांचं दार उघडं असण्यापेक्षा त्यांनी "शनिवारी दोन ते पाच आमच्याकडे दोन मुलांची जागा आहे" असं लिहिलं तर मी तरी नाव घालीन.


प्रेषक: वही सांभाळणारी

सगळ्यांची पत्रं वाचली. मला जमेल तेवढं असं करते:

सुरुवातीला दिलेल्या १२ चकत्यांना महिनाअखेरची मुदत. आबा, कमावलेल्या चकत्यांना मात्र मी मुदत घालणार नाही. कोणी आपला रविवार देऊन मिळवलेलं झिजवायला माझा हात धजत नाही. दंड नाही. उशीर वहीत लिहिला जाईल, नावासकट, मागणी आहे तशी. बुधवारची सूचना मान्य: ज्यांना सांभाळायला आवडतं त्यांनी "कधीही सांगा" लिहू नये, वार, वेळ आणि किती मुलं ते लिहावं. "कधीही" लिहिलेले निरोप मी यापुढे वहीत घेणार नाही.

आणि प्रत्येक मुलाचा तो एक कागद अजून चार घरांचा आलेला नाही: कशाची ॲलर्जी, कुठलं औषध, पालकांशिवाय कोणाच्या हाती सोपवायचं, कोण न्यायला आलं तर सोपवायचं नाही. तो कागद नसेल त्या घरचं मूल कोणी ठेवून घेऊ नये. यात संकोच नको.


प्रेषक: कोपऱ्यावरच्या घरातला बाबा

शनिवार, दुपारी दोन ते पाच, दोन मुलं. घ्या. घातलं वहीत.


प्रेषक: जुळ्यांची आई

शनिवारी माझी दोन्ही.

कारण लिहायला हवं असं नाही, पण लिहिते, नाहीतर कोणीतरी काळजीने फोन करील. आजारी नाही, कुठे जायचंही नाही. झोपायचं आहे. सहा चकत्या पाठवते.


प्रेषक: कोपऱ्यावरच्या घरातला बाबा

चकत्या राहू दे हो.


प्रेषक: जुळ्यांची आई

मग नाही पाठवत पोरांना.


प्रेषक: कोपऱ्यावरच्या घरातला बाबा

बरं. सहा. पोरांच्या खिशात घालून द्या, आणि सोडायला तुम्ही येऊ नका, मीच न्यायला येतो. पाचला परत आणताना बेल वाजवणार नाही. दारातून हळू हाक मारीन, उठला नाहीत तर परत घेऊन जाईन.